पुण्याहून एका दिवसात हरिहरेश्वर ते दिवेआगर: तिथी बघून आखलेली दोघांची सहल

आम्ही दोघं पहिल्यांदा हरिहरेश्वरला गेलो त्या दिवशी पौर्णिमा होती. पहाटे पुणं सोडलं, ताम्हिणी उतरलो आणि दुपारी बाराच्या सुमारास देवळामागची टेकडी चढून पलीकडच्या पायऱ्या उतरू लागलो. पाहतो तर खालच्या पायऱ्यांवर लाटा फुटत होत्या, प्रदक्षिणेची वाट सगळी पाण्याखाली. तसेच मागे फिरलो. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांचं माहेर श्रीवर्धनकडचं. त्या म्हणाल्या, "अगं, पौर्णिमेला दुपारी भरतीच असणार. निघताना तिथी नाही का बघितलीस?"

त्यानंतर आम्ही त्या किनाऱ्यावर बऱ्याचदा एका दिवसात जाऊन आलो. दर वेळी आधी तिथी बघितली, मग तारीख ठरवली. एका दिवसाची सहल दमछाक न होता कशी करायची हे मैत्रिणी विचारतात, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

तिथीची पाऊणपट

सासूबाईंनी शिकवलेला हिशेब असा. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला आणि संध्याकाळी साडेचारला पूर्ण भरती. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेअकराच्या सुमारास. अष्टमीला भरती सकाळी सहाला, ओहोटी दुपारी बाराच्या पुढे. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भर दुपारी समुद्र पायऱ्यांना लागलेला असतो. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशेब एकच.

चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊणपट येते ती त्यातूनच. हा हिशेब दिवस निवडण्यापुरता. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री मोबाइलवर श्रीवर्धनच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघून घ्याव्यात.

खाली सांगितलेल्या क्रमाने जायचं असेल तर पंचमी, षष्ठी किंवा सप्तमी निवडा. तेव्हा ओहोटी सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान येते आणि पुण्याहून निघालेला माणूस नेमका तेव्हाच हरिहरेश्वरला पोचलेला असतो. शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस घ्या. तो जमला नाही तर शनिवार. रविवारी संध्याकाळी माणगावच्या बाजारपेठेत मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात दिवसभराचा आनंद जिरून जातो.

समुद्र कुणाच्या खिडकीत

पुण्याहून जाणारे बहुतेक जण आधी दिवेआगर, मग श्रीवर्धन, शेवटी हरिहरेश्वर असं उत्तरेकडून दक्षिणेला जातात. आम्ही उलटं करतो आणि तुम्हीही तसंच करा असं आग्रहाने सांगेन. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या बाजूला येतो. त्याला तर नजर रस्त्यावरच ठेवायची असते. शेजारच्याच्या खिडकीत डोंगराची कड. शिवाय थांबायचं म्हटलं की रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागतं. तेच श्रीवर्धनहून वर दिवेआगरकडे निघालात तर समुद्र पूर्ण वेळ डाव्या खिडकीत, आपली लेनही पाण्याच्या बाजूची. वाटलं तिथे गाडी कडेला घेता येते.

आणि दोघंही गाडी चालवत असाल तर वाटणी सोपी आहे. ज्याने घाट चालवला त्याने किनारा बघायचा. आमच्याकडे पुणे ते हरिहरेश्वर नवरा चालवतो, जेवणानंतर चावी माझ्याकडे येते आणि तो डावीकडे बसतो. पाच तास वळणं घेतलेल्या माणसाला काच खाली करून नुसतं बघत बसायला मिळावं, एवढ्यासाठी मी हा क्रम कधी बदलत नाही.

आदल्या दिवशी

सगळा फेरा पावणेचारशे ते चारशे किलोमीटरचा होतो. गाडी लिटरला पंधरा ते अठरा देत असेल तर एकवीस ते सत्तावीस लिटर पेट्रोल लागेल. टाकी आदल्या संध्याकाळीच भरा. पौड मागे पडलं की माणगावपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नये. टायरची हवा, स्टेपनीची हवा, ब्रेक, कूलंट आणि वायपर तपासा. वायपर हिवाळ्यातही लागतो, ताम्हिणीतल्या धुक्यात काच सारखी ओली होते. घाटात बराच वेळ मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या. लायसन्स आणि गाडीचे कागद हाताशी ठेवा.

जेवणाचा फोनही आदल्याच दिवशी करायचा. श्रीवर्धन-दिवेआगरच्या घरगुती खानावळी माणसं मोजून रांधतात. न सांगता गेलात तर तास-दीड तास बसावं लागतं, आणि एका दिवसाच्या सहलीत तेवढा वेळ नसतो. उकडीचे मोदक हवे असतील तर ते फोनवरच सांगा, आयत्या वेळी मिळत नाहीत. सुरमई, पापलेट की बांगडा हे मात्र आधी ठरवू नका. "त्या दिवशी ताजं येईल ते करा" म्हणावं. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मागा. रायगडच्या बाजूला बिरडं जसं होतं तसं पुण्यात होत नाही.

पिशवीत काय घ्यायचं: पायाला पट्टा असलेल्या, तळाला खाच असलेल्या चपला, एक जादा कपड्यांचा जोड, टोप्या, पिण्याचं पाणी, आणि पाय धुवायला वेगळा पाच लिटरचा कॅन. घाटात मळमळत असेल तर आवळासुपारी किंवा आलेपाक, आणि वळणांवर मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही. चहाचा थर्मास आम्ही कधी विसरत नाही.

पहाटेचा रस्ता

कोथरूडहून पावणेपाचला निघायचं. चांदणी चौकात नवे पूल झाल्यापासून अंधारात पाटी चुकणं सोपं आहे. मुळशी-पौडची लेन आधीच धरा, नाहीतर महामार्गावर चढाल आणि लांबून वळून यावं लागेल. पिरंगुट, पौड, मग मुळशीचं धरण. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. डावी-उजवीकडे पाण्याची पट्टी चमकते तेव्हा तिच्याखाली गेलेल्या गावांची आठवण मला प्रत्येक वेळी होते.

ताम्हिणीत उजाडतं. धुकं असेल तर हेडलाइट खाली ठेवा. प्रखर दिव्याने समोर पांढरी भिंत उभी राहते, दिसत काहीच नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी राखा, ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका. ब्रेक तापल्याचा करपट वास आला तर रुंद जागा बघून दहा मिनिटं थांबा. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि चढणीच्या गाडीला वाट द्या. मिसळ-पोह्यांच्या टपऱ्या इतक्या लवकर उघडतीलच असं नाही. थर्मासमधला चहा इथेच प्यायचा, खाली कोकणाकडे उतरणारी दरी बघत.

घाट उतरलं की विळे, निजामपूर आणि आठच्या आत-बाहेर माणगाव. नाश्ता इथे करा. माणगावहून म्हसळ्याच्या रस्त्याला लागलात की घोणसे घाट येतो. तो लहान आहे, म्हणूनच लोक तिथे वेग कमी करत नाहीत, तुम्ही करा. म्हसळ्यानंतर श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या पाट्या धरायच्या. दिवेआगरची पाटी दिसली तरी वळायचं नाही, त्या रस्त्याने आपण संध्याकाळी परत येणार आहोत. दहाच्या आसपास हरिहरेश्वर.

प्रदक्षिणा

दर्शनाची इथली रीत आहे: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. त्यानंतर प्रदक्षिणा. ओहोटीच्या साधारण तासभर आधी सुरुवात करावी. उतरण्यापूर्वी देवळाजवळच्या दुकानदाराला किंवा गुरवाला विचाराच, "आत्ता जाता येईल का?" मोबाइलवर ओहोटी दिसत असली आणि त्याने नाही म्हटलं, तर नाही. वारा असेल तर ओहोटीतही लाट खडकावर चढते. या वाटेवरून माणसं वाहून गेलेली आहेत. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, हा भाग सोडूनच द्या.

टेकडीवर चढून पलीकडे दोन कातळांच्या मधल्या अरुंद खिंडीतून पायऱ्या उतरतात. वारा तिथे अंगावर येतो आणि समुद्र दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. खाली आलात की चालायची घाई करू नका, कातळाजवळ जा. सगळा खडक मधाच्या पोळ्यासारखा पोखरलेला आहे. कुठे बोट जाईल एवढी भोकं, कुठे मूठ बसेल एवढे कोनाडे, आणि त्यांच्या मधल्या भिंती कागदासारख्या पातळ. खारं पाणी खडकाच्या छिद्रांत मुरतं, उन्हाने वाळतं आणि मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक फुगून दगडाचा कण न् कण सुटा करतात. हे काम रोज दोनदा चालू आहे. माझ्या नवऱ्याने एका कोनाड्यातून बोट फिरवलं आणि चाखून बघितलं, नुसतं मीठ.

हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नका. काळ्या, कोरड्या, खरबरीत दगडावर ठेवा. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हात टेकताना बघा. फोटो काढताना पाठ समुद्राकडे करायची नाही. एकाने फोटो काढावा, दुसऱ्याने लाटेवर लक्ष ठेवावं. पाऊण-एक तासात प्रदक्षिणा होते.

श्रीवर्धनचं जेवण

हरिहरेश्वरहून श्रीवर्धन अर्ध्या-पाऊण तासावर. साडेबारापर्यंत पोचून आधी जेवा. सोलकढी दोन वाट्या घेतल्या तरी भात कमी घ्या, पुढे गाडी चालवायची आहे.

पुण्याच्या माणसाला या गावाशी नातं आहे. भट घराण्यातले पहिले पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ इथले, या घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे ते देशावर गेले. गावात पेशव्यांचं स्मारक आहे, वेळ असेल तर लक्ष्मीनारायणाचं देऊळही बघावं.

पण मला इथे वाड्यांतल्या गल्ल्यांतून हळू गाडी न्यायला जास्त आवडतं. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, आत पोफळी, आणि खळ्यात वाळत घातलेली सुपारी. श्रीवर्धनी रोठा म्हणतात ती हीच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. त्यामुळे अजून काही वाड्यांत मध्येच आभाळ दिसतं आणि खाली कंबरेएवढी रोपं उभी असतात. सुपारी, आमसुलं, कुळथाचं पीठ जे काही घ्यायचं ते थेट वाडीवाल्याकडून घ्या. सुकट-सोडे घेणार असाल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून वास येतोच आणि गाडीत महिनाभर राहतो.

डाव्या खिडकीतला समुद्र

दोनच्या सुमारास चावी बदला आणि किनाऱ्याच्या रस्त्याने दिवेआगरकडे निघा. अंतर जेमतेम वीस किलोमीटर, पण सव्वा तास धरा. आरावी, कोंडविल, शेखाडी ही गावं या रस्त्यावर येतात. रस्ता कधी पाण्याच्या पातळीला असतो, कधी चढून डोंगराच्या कडेवर जातो आणि वळण संपलं की अख्खी खाडी एकदम समोर येते. कुठे थांबायचं हे मी सांगणार नाही. डावीकडे बसलेला म्हणेल तिथे थांबायचं. फक्त वळणावर नाही, आणि गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेऊन.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. किनाऱ्यावर पोलिसांची नाकाबंदी लागली तर कागद दाखवून पुढे जावं, पाच मिनिटांचं काम असतं.

कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी दिसली की फोटोआधी विचारावं. जाळ्यावर पाय पडू देऊ नये.

दिवेआगर

सव्वातीनला दिवेआगर. आधी सुवर्ण गणेश. १९९७ मध्ये इथल्या वाडीत खोदताना पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, देवळाच्या दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मुखवटा वितळवला गेला. परत मिळालेल्या सोन्यातून मुखवटा नव्याने घडवून २०२१ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. रूपनारायणाचं देऊळ चुकवू नका, विष्णूची ती काळ्या दगडातली मूर्ती बघायला दहा मिनिटं पुरत नाहीत. आणि मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं एक: शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा मराठी ताम्रपट याच गावचा. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते.

मग सुरूच्या बनातून पुळणीवर. षष्ठीच्या दिवशी आपण पोचतो तेव्हा भरती चढत असते. गुडघाभर पाण्यात थांबा, त्यापुढे नको. आणि गाडी वाळूत मुळीच घालायची नाही, इतरांच्या कितीही दिसल्या तरी. एकदा आमच्या डोळ्यांदेखत एका जोडप्याची नवी गाडी रुतली. चाक फिरवावं तसं खोल जात होतं आणि पाणी दर दहा मिनिटांनी हातभर जवळ येत होतं. गावातल्या मुलांनी दोर बांधून ट्रॅक्टरने ओढली तेव्हा पाणी दाराला लागलं होतं. ती बाई वाळूत बसून रडत होती, आणि आम्ही सगळे तिच्याभोवती नुसते उभे.

इथून दिघी जवळ आहे आणि समोर जंजिरा. जझीरा म्हणजे बेट, त्यावरूनच हे नाव आलं. किल्ला बघायचा मोह होतो. एका दिवसात नको. होडीची वाट पाहणं, किल्ला, परत होडी यात अर्धा दिवस जातो. जंजिऱ्यासाठी एक रात्र मुक्काम करा.

परतीचा रस्ता

पावणेपाचला निघायचं. सूर्यास्त बघून निघू म्हणाल तर घाट आणखी उशिरा आणि जास्त थकलेल्या डोळ्यांनी करावा लागेल. बोर्ली पंचतन, म्हसळा, माणगाव. साडेसहाच्या सुमारास माणगावला चहा घ्या आणि तिथेच एकमेकांना खरं विचारा, "झोप येतेय का?" दोघंही ताजे असाल तर ताम्हिणीने नऊ-साडेनऊला घरी. जराही शंका असेल, धुकं किंवा पाऊस असेल, तर महामार्गाने वर वाकणपर्यंत जा आणि पाली, खोपोलीमार्गे एक्स्प्रेसवेला लागा. चाळीस-पन्नास किलोमीटर जास्त पडतात, टोल लागतो, पण रस्ता रुंद आणि वाटेत वस्ती आहे. आम्ही दोनदा असंच आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुताना वरून पाणी मारून भागत नाही. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि गाडीचा तळ गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून घ्या, खारी हवा पत्र्याला तिथूनच धरते. पायपुसण्या झटका आणि डाव्या सीटखाली हात घालून बघा. आमच्या गाडीत दर वेळी तिथे मूठभर वाळू आणि एखादा शंख निघतो.